छातीतले पाणी आणि पुराव्याचा प्रश्न

१

गेल्या पावसाळ्यात, रोवणीचे दिवस संपता संपता, माझी बी. ए. द्वितीय वर्षाची एक विद्यार्थिनी आपल्या आईला घेऊन माझ्या घरी आली. आईच्या हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेले कागद होते. मुलीच्या छातीतून सुईने पाणी काढले होते. त्या पाण्याचा तपासणी अहवाल त्यात होता. अहवाल इंग्रजीत. त्यातले एक वाक्य मुलीच्या मामाने वाचून सांगितले होते : क्षयाचे जंतू आढळले नाहीत.

"म्हंजे टीबी नाही ना, सर जी?" आईने विचारले.

मी मराठीचा अध्यापक आहे, डॉक्टर नाही. परंतु आपल्या समाजात घरातला पहिला पदवीधर हा एकाच वेळी वकील, कारकून आणि डॉक्टरही समजला जातो. ज्याला इंग्रजी कागद वाचता येतो त्याला त्या कागदाचा अर्थही कळतो, असे लोक धरून चालतात. मी तो कागद वाचला आणि काही वेळ गप्प राहिलो. कारण हेच वाक्य मी पूर्वी एकदा वाचले होते. ते माझ्या वडिलांच्या कागदांत होते.

माझे वडील तिरोड्याच्या एका राइस मिलमध्ये हमाल होते. माय बिड्या वळायची. २००४ साली मी शाळेत असताना वडिलांच्या उजव्या छातीत पाणी झाले. एका डॉक्टरने पाणी काढले, तपासले आणि जंतू नाहीत म्हणून टीबी नाही असे सांगितले. दोन महिन्यांनी पाणी पुन्हा भरले. दुसऱ्या डॉक्टरने, तपासणीत काही येवो न येवो, टीबीच्या गोळ्या घ्या म्हणून सांगितले. पाच महिने गोळ्या घेतल्या. पाणी तिसऱ्यांदा भरले आणि वडील गेले. ते क्षयाने गेले, औषधांना न जुमानणाऱ्या क्षयाने गेले, की छातीच्या कर्करोगाने गेले, हे आजवर मला माहीत नाही. मोहल्ल्याने मात्र निदान केव्हाच केले होते. आमचे घर टीबीवाल्यांचे घर झाले आणि बहिणीची ठरत आलेली सोयरीक त्यावरून मोडली.

म्हणून या लेखात मी एका तपासणीविषयी लिहिणार आहे. तिचे नाव थोरॅकोस्कोपी. बरगड्यांच्या मधून बारीक दुर्बीण आत घालून फुप्फुसाभोवतीचे आवरण डोळ्यांनी पाहणे आणि त्याचा तुकडा काढून तपासणे, एवढाच त्या शब्दाचा अर्थ. विषय वैद्यकाचा आहे. पण पुरावा कोणाला मिळतो आणि कोणाला मिळत नाही, हा प्रश्न केवळ वैद्यकाचा नाही. आपल्या कार्यकर्त्यांना, शिक्षकांना आणि विद्यार्थ्यांना तो समजला पाहिजे, असे मला वाटते.

२

प्रथम हा आजार समजून घेऊ.

फुप्फुसावर एक पातळ आवरण असते. त्याचाच दुसरा पदर बरगड्यांना आतून चिकटलेला असतो. या दोन पदरांत ओलाव्यापुरते, चमचा-दोन चमचे पाणी असते, त्यामुळे श्वास घेताना ते एकमेकांवरून सहज सरकतात. क्षयाचा जंतू फुप्फुसात असतो हे आपण ऐकलेले असते. पण फुप्फुसाच्या कडेला असलेली जंतूंची एखादी लहानशी गाठ या पोकळीत फुटली, तर आवरणाला सूज येते आणि पोकळीत पाणी साचू लागते. लोक याला छातीत पाणी होणे म्हणतात. फुप्फुसाबाहेरच्या क्षयाची जी नेहमीची ठिकाणे आहेत, त्यात मानेच्या गाठी आणि हे आवरण यांचा क्रम वरचा आहे.

सुरुवातीला श्वास घेताना बरगडीत सुई टोचल्यासारखी कळ येते. आपल्याकडे त्याला उसण भरली, चमक निघाली म्हणतात. रोवणीत वाकून वाकून उसण भरली असेल, असे या मुलीच्या घरी सर्वांनीच धरले होते. नंतर पाणी वाढले की दोन पदर एकमेकांपासून दूर होतात, घासणे थांबते आणि दुखणे कमी होते. रोगी समजतो की बरे वाटले. प्रत्यक्षात रोग वाढलेला असतो. मग संध्याकाळचा ताप, कोरडा खोकला, वजन उतरणे आणि शेवटी धाप.

याहून फसवी गोष्ट पुढे आहे. या रोगातले पाणी अनेकदा काहीही उपचार न करता काही महिन्यांत आपोआप आटते. नेमके याच काळात कोणी अंगारा लावलेला असतो, कोणी पाला बांधलेला असतो, कोणी नवस बोललेला असतो. पाणी आटल्याचे श्रेय त्याला जाते. पण जंतू आतच राहतो. औषधे उपलब्ध होण्यापूर्वी असे पाणी झालेल्या १४१ सैनिकांची अमेरिकेत पुढे अनेक वर्षे पाहणी झाली. रोपर आणि वेअरिंग यांनी १९५५ साली ती प्रसिद्ध केली. त्यांच्यापैकी ६५ टक्क्यांना नंतर क्षय उलटला. म्हणजे बुवाचा गुण हा वर्ष-दोन वर्षांची उधारी असतो. अंधश्रद्धेविरुद्ध बोलणाऱ्या आपल्या कार्यकर्त्यांनी केवळ बुवाला शिव्या देऊन भागणार नाही. रोगी का फसतो, याचे हे शास्त्रीय कारणही लोकांना सांगितले पाहिजे.

३

आता त्या वाक्याकडे वळू. जंतू आढळले नाहीत, म्हणजे काय?

सूक्ष्मदर्शकाखाली क्षयाचा जंतू दिसायचा असेल तर एका मिलिलिटर द्रवात तो साधारण पाच ते दहा हजारांच्या संख्येने असावा लागतो. फुप्फुसात मोठा व्रण असलेल्या रोग्याच्या थुंकीत इतके जंतू असतात. छातीतल्या पाण्यात ते नसतात. कारण हे पाणी जंतूंच्या गर्दीने साचलेले नसते. थोड्याशा जंतूंविरुद्ध शरीराने जो जोरदार प्रतिकार चालविलेला असतो, त्याच्या सुजेतून ते पाझरलेले असते. म्हणून क्षय खात्रीने असलेल्या शंभर रोग्यांचे पाणी तपासले, तर दहांच्याही पाण्यात जंतू दिसत नाही. जंतू वाढवून पाहण्याची कल्चर ही तपासणी बहुसंख्य रोग्यांत रिकामी जाते. जंतूचा अंश ओळखणारी नवी यंत्रे आली आहेत. सीबीनॅटला जागतिक आरोग्य संघटनेने २०१० साली मान्यता दिली. गोव्यातील कंपनीचे ट्रूनॅट हे यंत्र २०२० साली त्या पंक्तीला बसले. थुंकीसाठी ही यंत्रे फार उपयोगी आहेत. छातीतल्या पाण्यात मात्र सीबीनॅटही निम्म्याहून अधिक रोग्यांना ओळखू शकत नाही.

तेव्हा 'आढळले नाहीत' याचा अर्थ 'नाहीत' असा होत नाही. जेथे शोधले तेथे ते सापडण्याजोगे नव्हते, एवढाच त्याचा अर्थ. माझ्या वडिलांच्या पहिल्या डॉक्टरने हा फरक केला नाही आणि दोन महिने गेले.

मग डॉक्टर करतात काय? ते आडवळणाने पुरावा गोळा करतात. पाण्याचा रंग पाहतात. क्षयाचे पाणी बहुधा धानाच्या तणसासारखे पिवळसर असते. पाण्यातले प्रथिन आणि एलडीएच नावाचे द्रव्य मोजून, रक्तातल्या प्रमाणाशी ताडून, ते पाणी सुजेचे आहे की हृदय-मूत्रपिंडाच्या दुबळेपणाचे, हे ठरवितात. ही कसोटी रिचर्ड लाइट यांनी १९७२ साली घालून दिली. पाण्यात लिम्फोसाइट जातीच्या पेशी अधिक आहेत काय, हे पाहतात. आणि एडीए नावाचे एक द्रव्य मोजतात. ते ४० च्या वर असले, पेशी लिम्फोसाइट असल्या आणि रोगी तरुण असला, तर आपल्या देशात तो क्षयच, असे धरून उपचार सुरू करतात. क्षय जेथे घरोघर आहे तेथे हा आडाखा बहुतेक वेळा बरोबर ठरतो. त्यात गैर काही नाही.

परंतु 'बहुतेक वेळा' या शब्दाबाहेर जे उरतात त्यांचे काय? एडीए काही कर्करोगांत, पू झालेल्या छातीत आणि संधिवातातही वाढते. उलट एखाद्या क्षयरोग्यात ते चाळिशीच्या खाली राहते. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, जंतू हाती आलाच नाही तर कोणते औषध त्याला मारते आणि कोणते मारत नाही, हे कळायला मार्ग नाही.

या मुलीचे एडीए ३६ होते. शिवाय तिच्या घरात एक गोष्ट घडून गेली होती. तिचा थोरला भाऊ परप्रांतात बांधकामावर असताना क्षयाने आजारी पडला आणि तो क्षय नेहमीच्या औषधांना न जुमानणारा निघाला. परत आल्यावर तो याच घरात, त्याच दोन खोल्यांत राहिला. मुलीला क्षय असेल तर कोणता? साधा असेल तर सहा महिन्यांच्या गोळ्या. भावाचा असेल तर औषधे वेगळी, त्रास अधिक. अंदाजाने साधी औषधे द्यावीत तर ती फुकट जाण्याची भीती. अंदाजाने कडक औषधे द्यावीत तर विनाकारण शरीराची नासाडी. जिल्ह्याच्या ठिकाणच्या डॉक्टरांनी हे सारे तिच्या आईला नीट बसवून सांगितले आणि नागपूरला पाठविले. तुकडा काढावा लागेल, असे ते म्हणाले. आईने 'तुकडा' हा शब्द ऐकला आणि ती माझ्याकडे आली.

४

छातीत दुर्बीण घालण्याची कल्पना नवी नाही. डब्लिनमध्ये फ्रान्सिस क्रूझ यांनी १८६५ च्या सुमारास अकरा वर्षांच्या एका मुलीच्या पू झालेल्या छातीत नळीतून पाहिले होते. पण या तपासणीचा पाया घातला तो स्टॉकहोमच्या हान्स ख्रिश्चन याकोबेउस यांनी. मूत्राशय पाहण्यासाठी जी दुर्बीण वापरीत, तीच छातीच्या व पोटाच्या पोकळीत घालता येते, असे त्यांनी १९१० साली प्रसिद्ध केले. त्यांचे रोगी मुख्यतः क्षयाचेच होते. त्या काळी क्षयावर औषध नव्हते. रॉबर्ट कॉख यांनी २४ मार्च १८८२ रोजी जंतू दाखवून दिला होता, पण जंतू दिसला म्हणून रोगी वाचत नव्हता. आपल्याकडे अमेरिकेतून वैद्यकाची पदवी घेऊन आलेल्या आनंदीबाई जोशी १८८७ साली पुण्यात क्षयानेच गेल्या. इटलीच्या फोर्लानिनी यांनी छातीत हवा भरून रोगट फुप्फुस मिटवून ठेवण्याचा उपाय काढला होता. फुप्फुस बरगड्यांना चिकटलेले असेल तर ते मिटत नसे. याकोबेउस दुर्बिणीतून पाहत ते चिकटलेले धागे तापल्या तारेने तोडीत. म्हणजे ही दुर्बीण जन्मली ती क्षयाच्याच कामासाठी.

पुढे १९४३ साली स्ट्रेप्टोमायसिन सापडले, मागोमाग इतर औषधे आली आणि छातीत हवा भरण्याचे दिवस संपले. दुर्बीणही मागे पडली. नंतर ती परत आली ती उपचारासाठी नव्हे, निदानासाठी. मधल्या काळात १९५८ साली एब्रॅम्स यांनी एक आकड्याची सुई तयार केली होती. तिने आवरणाचा तुकडा काढता येतो, पण न पाहता. आवरणाच्या ज्या जागी रोग आहे तेथेच सुई लागली तर ठीक. नाही तर तुकडा निरोगी निघतो. दुर्बिणीने पाहून तुकडा घेणे आणि सुईने अंदाजाने घेणे यांतला फरक दक्षिण आफ्रिकेत डायकॉन आणि सहकाऱ्यांनी मोजला. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात ५१ रोगी होते आणि एकाच रोग्यावर दोन्ही पद्धती वापरल्या होत्या. ज्यांना क्षय होता त्यांच्यापैकी सुईच्या तुकड्यांतून ७९ टक्के ओळखले गेले. दुर्बिणीने घेतलेल्या तुकड्यांतून १०० टक्के. आणि दुर्बिणीच्या तुकड्यांतून ७६ टक्के रोग्यांत जंतू वाढवता आला, तर नुसत्या पाण्यातून फक्त ७ टक्क्यांत. हा शेवटचा आकडा मला सर्वांत बोलका वाटतो. जंतू वाढला तरच त्याच्यावर कोणते औषध चालते, हे तपासता येते.

५

नागपूर आमच्यापासून रेल्वेने सुमारे शंभर किलोमीटर. सकाळच्या गाडीने मुलगी, तिची आई आणि मी गेलो. आईचा त्या आठवड्याचा बिडीचा रोज बुडाला.

तपासणी कशी झाली, ते मी डॉक्टरांना विचारून लिहून घेतले. आईला समजावून सांगायचे होते, म्हणून मी दोन-दोनदा विचारले. ते येथे देतो, कारण भीती ही बहुधा न सांगितल्यामुळे वाढते.

मुलीला काही तास उपाशी ठेवले. रक्त गोठण्याची तपासणी आधी झाली होती. दुखऱ्या बाजूचा हात डोक्यावर घेऊन तिला चांगल्या कुशीवर निजविले. सोनोग्राफीने पाणी कोठे आहे ते पाहून काखेच्या खाली, पाचव्या-सहाव्या बरगडीच्या आसपास खूण केली. पूर्ण भूल दिली नाही. गुंगीचे थोडे औषध आणि त्या जागी बधिरतेचे इंजेक्शन. बोटभर लांबीहून कमी छेद. त्यातून एक नळी, नळीतून दुर्बीण. पाणी ओढून घेतले की बाहेरची हवा आत जाते, फुप्फुस थोडे खाली बसते आणि पाहायला जागा होते. ऐकताना हे भयंकर वाटते. पण नंतर हीच हवा नळीवाटे काढून घेतली जाते आणि फुप्फुस पुन्हा फुलते.

नंतर डॉक्टरांनी आम्हाला पडद्यावर चित्र दाखविले. निरोगी आवरण पातळ आणि चकचकीत असते, त्यातून बरगड्या दिसतात. हिचे आवरण लालभडक होते आणि त्यावर जागोजाग पांढुरके, बारीक दाणे उठले होते. आई पटकन म्हणाली, "साबुदाना सांडला जसा." डॉक्टर हसले. वैद्यकाच्या पुस्तकातही या दाण्यांना साबुदाण्याचीच उपमा दिलेली आहे, असे ते म्हणाले. माझी निरक्षर मावशी आणि वैद्यकाचे पुस्तक यांना एकच गोष्ट एकसारखी दिसली. दाखविले तर आपल्या माणसांना दिसते. दाखवणारा भेटावा लागतो.

परंतु डॉक्टरांनी लगेच सांगितले की, नुसत्या दिसण्यावर निकाल देत नाहीत. कर्करोगाच्या गाठी बहुधा मोठ्या व वेड्यावाकड्या असतात, तरी डोळा फसू शकतो. म्हणून चिमट्याने आठ-दहा बारीक तुकडे घेतले. आणि येथे एक महत्त्वाची गोष्ट मी शिकलो. काही तुकडे फॉर्मलिनमध्ये टाकले आणि काही साध्या सलाईनमध्ये. फॉर्मलिनमध्ये तुकडा टिकतो, पेशी पाहता येतात. पण जंतू मरतो, त्यामुळे कल्चर करता येत नाही. सगळे तुकडे एकाच बाटलीत गेले तर क्षय आहे हे कळेल. पण तो कोणत्या औषधाने बरा होईल हे बहुधा कळणार नाही.

छातीत नळी दोन दिवस राहिली. दुखले, एक रात्र तापही आला. जखमेच्या आसपास कातडीखाली हवा शिरणे, रक्त येणे, जखम चिघळणे हे धोके आहेत. जीव जाणे अत्यंत दुर्मीळ. सलाईनमधल्या तुकड्याचा सीबीनॅट अहवाल प्रथम आला : क्षयाचा जंतू आहे, रिफाम्पिसिन या मुख्य औषधाला तो दाद देतो. आठवड्याने पेशींचा अहवाल आला. क्षयाच्या विशिष्ट गाठी आणि त्यांच्या मध्यभागी फाटलेल्या दुधाच्या चोथ्यासारखा मेलेला भाग. ज्या पाण्यात 'आढळले नाहीत', त्याच छातीत, दोन बोटे पलीकडे, जंतू होता. आणि तो भावाचा नव्हता. मुलीला साधी औषधे सुरू झाली : दोन महिने चार औषधे, पुढे चार महिने तीन.

६

आता कोणी विचारील, मग छातीत पाणी झालेल्या प्रत्येकाची ही तपासणी करावी काय? नाही. तसा आग्रह धरणे अशास्त्रीय होईल. पाण्याचा रंग, पेशी आणि एडीए एकमेकांना दुजोरा देत असतील, रोगी तरुण असेल आणि घरात चिवट क्षयाचा इतिहास नसेल, तर उपचार लगेच सुरू करणे हेच योग्य. आफ्रिकेतल्या त्याच अभ्यासानेही सांगितले आहे की, दुर्बीण सर्वांत अचूक असली तरी महाग आहे. साध्या तपासण्या आणि सुईचा तुकडा यांच्या मेळातून बहुतेकांचे निदान होते. दुर्बीण हवी ती शंका उरते तेथे : अहवाल एकमेकांशी जुळत नाहीत, कर्करोगाची शक्यता आहे, औषधांना न जुमानणाऱ्या क्षयाचा संसर्ग असू शकतो, किंवा गोळ्या घेऊनही पाणी पुन्हा भरते.

माझ्या वडिलांचे पाणी गोळ्या चालू असताना तिसऱ्यांदा भरले होते. याकोबेउस यांना तेव्हा ९४ वर्षे झाली होती.

यंत्र नव्हते असे नाही, ते आमच्यापर्यंत आले नव्हते. कोणी आम्हाला हाकलून दिले नाही, कोणी जात विचारली नाही. पण पुढची पायरी आहे, हेही कोणी सांगितले नाही. हमाल माणूस, टीबीच असणार, गोळ्या द्या : एवढ्यावर विचार थांबला. प्रस्थापित घरातल्या माणसाचे पाणी तीनदा भरले असते, तर हाच विचार एवढ्यावर थांबला असता काय?

येथे बाबासाहेबांच्या 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या लेखनातला एक प्रसंग आठवतो. काठेवाडातील एका अस्पृश्य शिक्षकाचे पत्र १२ डिसेंबर १९२९ च्या 'यंग इंडिया'त छापून आले होते. बाबासाहेबांनी ते उद्धृत केले आहे. त्या शिक्षकाची पत्नी बाळंत होऊन आजारी पडली. डॉक्टर वस्तीत यायला तयार नव्हता. बाळासह तिला वस्तीबाहेर आणावे लागले. डॉक्टरने थर्मामीटर एका मुसलमानाच्या हाती दिला, त्याने शिक्षकाच्या, शिक्षकाने पत्नीच्या; आणि त्याच वाटेने तो परत गेला. दिव्याच्या उजेडात थर्मामीटर पाहून डॉक्टरने न्यूमोनिया असे निदान केले. ती बाई वाचली नाही. छातीचा आजार, आणि छातीला हात न लावता केलेले निदान!

आज सरकारी दवाखान्यात तसे होत नाही, हे मान्य केले पाहिजे. १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून आमचा गोंदिया जिल्हा वेगळा झाला. २०१६ साली येथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. मुलीला नागपूरला पाठविणारे डॉक्टर कर्तव्यदक्ष होते. अंतर उरले आहे ते वेगळ्या प्रकारचे. बुडालेला रोज, शंभर किलोमीटर, इंग्रजी अहवाल आणि प्रश्न विचारण्याची हिंमत नसणे, या चार हातांतून आज आपला थर्मामीटर जातो.

७

परंतु दोष केवळ बाहेर शोधून चालणार नाही. नागपूरहून परतल्यावर मी मुलीच्या घरी गेलो, तेव्हा तिचे ताट, वाटी आणि पेला चुलीपासून दूर, वेगळ्या फळीवर ठेवलेला दिसला. घर बौद्धांचे. भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो. ज्या पेल्यासाठी आपल्या आज्या-पणज्यांनी अपमान सोसला, तो वेगळा पेला आपण आपल्याच लेकीसाठी मांडला होता.

मी आईला सांगितले ते येथेही सांगतो. क्षय ताट-वाटीने पसरत नाही. खोकल्यातून हवेत उडणाऱ्या कणांतून पसरतो. ज्याचा क्षय केवळ आवरणात आहे आणि थुंकीत जंतू नाही, त्याच्यापासून सहसा कोणाला लागण होत नाही. (मात्र काहींच्या फुप्फुसातही रोग असतो, म्हणून थुंकी तपासून घ्यावीच.) मद्रासच्या प्रसिद्ध प्रयोगात १९५९ सालीच सिद्ध झाले होते की, गरिबांच्या दाटीच्या घरात राहून औषध घेणारे रोगी सॅनेटोरियममधल्या रोग्यांइतकेच बरे होतात आणि त्यांच्या घरातल्यांना अधिक लागणही होत नाही. वेगळा पेला ठेवण्याला शास्त्राचा आधार नाही. तो जुन्या विटाळाचाच अवशेष आहे.

आणि पेल्यापेक्षा ताटात काय आहे, हे महत्त्वाचे. २०१९ ते २०२२ या काळात झारखंडमध्ये क्षयरोग्यांच्या घरातील दहा हजारांहून अधिक माणसांवर एक प्रयोग झाला. काही घरांत फक्त रोग्याला, तर काही घरांत सर्वांनाच दरमहा तांदूळ, डाळ आणि जीवनसत्त्वे दिली. जेथे सर्वांना अन्न मिळाले, तेथे नव्या क्षयाचे प्रमाण ३९ टक्क्यांनी कमी झाले. २०२३ साली हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. २०२५ पर्यंत देशातून क्षय संपविण्याची घोषणा झाली होती. पण २०२३ साली जगातील दर चार नव्या क्षयरोग्यांपैकी एक भारतात होता. दुर्बीण छातीच्या आत पाहते. हा रोग छातीत आला कोठून, हे पाहायला मात्र आपल्याला रोग्याच्या डब्यातली भाकर आणि भात पाहावा लागेल.

८

कार्यकर्त्यांसाठी थोडे, कामापुरते :

१. दोन आठवड्यांहून अधिक खोकला, ताप किंवा बरगडीतली उसण असेल तर एक्स-रे काढायला लावा. दुखणे थांबले म्हणून थांबू नका.

२. 'जंतू आढळले नाहीत' असा अहवाल आला तर पाण्यातल्या पेशी किती, एडीए किती, हे विचारा. जंतू सापडला नाही तरी लक्षणे आणि इतर तपासण्यांवरून डॉक्टर क्षयाचे निदान करू शकतात आणि अशा रोग्यालाही सरकारी औषधे मोफत मिळतात.

३. उपचार सुरू असताना पोषणासाठी दरमहा मदत मिळते. एप्रिल २०१८ पासून ती ५०० रुपये होती. नोव्हेंबर २०२४ पासून १,००० रुपये झाली. नोंदणी आणि बँक खाते यांचा पाठपुरावा करा.

४. घरात पूर्वी कोणाला औषधांना न जुमानणारा क्षय झाला असेल तर ते डॉक्टरांपासून लपवू नका. तुकडा काढायचा ठरला तर एक तुकडा सलाईनमध्ये, कल्चरसाठी जाईल ना, एवढे नम्रपणे विचारा.

५. मोठ्या सरकारी रुग्णालयात समाजसेवा अधीक्षक असतात. खर्च आणि योजनांबाबत प्रथम त्यांना भेटा.

६. रोग्याबरोबर एक वाचता येणारा माणूस जाऊ द्या. तो डॉक्टर नसला तरी चालेल. त्याने प्रश्न विचारावेत आणि उत्तरे लिहून घ्यावीत.

मुलगी आता बरी आहे. परीक्षेला बसली. माझ्या वडिलांचे कागद मी अजून जपून ठेवले आहेत. नागपूरच्या त्या डॉक्टरांना ते दाखवावेत असे एकदा मनात आले. मग दाखविले नाहीत. त्या कागदांत एकही तुकडा तपासल्याची नोंद नाही, तेव्हा आज जगातला कोणताही डॉक्टर त्यावरून काही सांगू शकणार नाही. वडिलांचे निदान आता होणे नाही. पण त्यांच्यानंतर या मोहल्ल्यातून जो कोणी छाती धरून निघेल, त्याला आपल्याला काय झाले आहे हे कळले पाहिजे. औषध हा त्याचा हक्क आहेच. आपल्या शरीरात काय चालले आहे हे त्याला कळणे, हाही त्याच्या माणूसपणाचा हक्क आहे.